घरगुती मसाले आणि दोन खोल्या: कुठला नंबर आधी, कुठला नंतर, कुठला नकोच

प्रश्न थोडक्यात असा आहे. वेंगुर्ले तालुक्यातल्या एक ताई घरी मालवणी मसाला, कोकम आगळ आणि लोणची करून विकतात, शिवाय घराच्या मागच्या दोन खोल्या पर्यटकांना देतात. गेल्या आर्थिक वर्षात मालाची विक्री साधारण 11 लाख झाली, खोल्यांचे 4 लाख आले. क्यूआर कोड यजमानांच्या बचत खात्याचा आहे. घरपट्टी आजेसासऱ्यांच्या नावावर येते, ते हयात नाहीत. लाइट बिल सासऱ्यांच्या नावावर आहे. गोव्यातल्या म्हापशाचा एक दुकानदार दर महिन्याला माल मागतो आहे. आणि एक एजंट ‘दुकानाचं पॅन, टॅन, उद्यम, गुमास्ता, जीएसटी सगळं 8 हजारात करून देतो’ म्हणतोय. यातलं आधी काय करायचं?

ताई, सुरुवात पॅनपासून करू, कारण बाकीचे बहुतेक नंबर त्याच्यावरच उभे असतात. एकट्या मालकाच्या धंद्याला कायद्यात मालकापासून वेगळं अस्तित्व नाही. त्यामुळे ‘दुकानाचं पॅन’ म्हणून काही निघतच नाही. तुमचं जे पॅन आहे तेच धंद्याचं पॅन. दहा अक्षर-अंकांतलं चौथं अक्षर बघा, व्यक्तीच्या पॅनमध्ये तिथे ‘पी’ असतो. भागीदारी फर्मला ‘एफ’, कंपनीला ‘सी’. पाचवं अक्षर तुमच्या आडनावाचं. कुणी तुम्हाला धंद्याच्या नावाने आणखी एक पॅन काढून दिलं तर ते एकतर तुमचं दुसरं वैयक्तिक पॅन असेल, आणि दोन पॅन बाळगायला 10 हजार रुपये दंड आहे. नाहीतर कागदावर तुम्हाला भागीदारी फर्म करून ठेवलेलं असेल, म्हणजे विवरणपत्र वेगळं, कराचा दर वेगळा आणि बंद करतानाची कटकटही वेगळी. यादीतलं हे पहिलं काम आजच खोडा.

मात्र असलेलं पॅन नीट आहे का, हे बघण्यात वेळ घाला. दोन गोष्टी तपासायच्या. एक, ते आधारशी जोडलेलं आहे का. आयकराच्या संकेतस्थळावर लॉगिन न करताही हे दिसतं. जोडलेलं नसेल तर पॅन निष्क्रिय होतं: परतावा अडकतो, टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला आयकर) चढ्या दराने कापला जातो. 1000 रुपये भरून ते जोडून घेता येतं. दुसरी गोष्ट नावाची. आपल्याकडे आधारवर सासरचं नाव आणि पॅनवर माहेरचं, किंवा एका ठिकाणी वडिलांचं मधलं नाव आणि दुसरीकडे नवऱ्याचं, हे घरोघरी आहे. उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आणि जीएसटी दोन्ही ठिकाणी नाव पॅनच्या नोंदीशी ताडून बघितलं जातं, आणि जीएसटीत ‘कायदेशीर नाव’ थेट पॅनवरून उचललं जातं. आधी चुकीच्या नावाने सगळं काढून नंतर पाच ठिकाणी दुरुस्ती करण्यापेक्षा पॅनची एकच दुरुस्ती करून मग पुढे जा. आधारला जोडलेला मोबाइल नंबर तुमच्या हातात असू द्या. तो नंबर मुंबईत मुलाकडे असेल तर प्रत्येक ओटीपीला फोनाफोनी होते आणि ओटीपीची मुदत संपते.

आता क्यूआर कोड. हा मुद्दा तुम्ही जाता जाता लिहिलाय, पण माझ्या मते तुमच्या कागदांतली सगळ्यात मोठी गडबड हीच आहे. धंदा कुणाचा, याचं उत्तर पैसा कुणाच्या खात्यात येतो त्यावरून लावलं जातं. उद्यम तुमच्या नावाने, बिलावर नाव तुमचं आणि पैसे यजमानांच्या खात्यात, असं असेल तर खात्यात जमा झालेल्या रकमेचा खुलासा त्यांना विचारला जाणार. यजमान नोकरीत असतील तर विषय आणखी वाकडा होतो: त्यांच्या पगाराच्या विवरणपत्रात धंद्याची आवक कुठेच नाही, आणि खात्यात मात्र वर्षभर दोनशे-पाचशेच्या जमा दिसताहेत. 2025 च्या जुलैत कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, ते वाचलं असेलच. तेव्हा आधी ठरवा, मालक कोण? तुम्हीच असाल तर तुमच्या नावाने चालू खातं उघडा आणि क्यूआर त्यावर फिरवा. रक्कम एका खात्यात यायला लागली की निम्मा हिशेब आपोआप लागतो.

धंद्याच्या नावाने चालू खातं उघडायला बँक धंद्याच्या नावाचे दोन पुरावे मागते: उद्यम प्रमाणपत्र, गुमास्त्याची (दुकानाच्या नोंदीची) पावती, अन्नपरवाना, जीएसटी प्रमाणपत्र यांपैकी कुठलेही दोन. काही व्यवस्थापक जीएसटीशिवाय खातं उघडत नाही म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत जीएसटी हा अनेक पर्यायांतला एक आहे, सक्तीचा नाही. उद्यम आणि गुमास्ता घेऊन जा आणि हेच शांतपणे सांगा. केवळ खातं उघडायचं म्हणून जीएसटी नंबर घेऊ नका.

यामुळे पॅननंतर लगेच उद्यम. ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे, कुठलंही कागदपत्र चढवावं लागत नाही, आधार, ओटीपी आणि पॅन एवढ्यावर होते. शोध घेतला की वरच्या जाहिरातींत सरकारी वाटणारी खासगी संकेतस्थळं येतात आणि हजार-दोन हजार घेतात. पत्त्याच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे का ते पाहा. नंबर ‘उद्यम-एमएच’ असा सुरू होतो, पुढे जिल्ह्याचे दोन अंक आणि मग सात अंक. एका मालकाला एकच उद्यम मिळतं, म्हणून मसाले आणि खोल्या दोन्ही एकाच अर्जात घाला. मसाला दळण्याचा एनआयसी कोड (धंद्याच्या प्रकाराचा सरकारी क्रमांक) 10795 आहे, निवास व्यवस्थेचे कोड 55 ने सुरू होतात. पुष्कळ जण मसाला करत असून ‘किरकोळ विक्री’चा कोड टाकतात. तसं करू नका. व्यापाऱ्याला उद्यमचा उपयोग मुख्यतः प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता आहे. उत्पादकाला मात्र मोठ्या खरेदीदाराकडून 45 दिवसांत पैसे मिळण्याचं संरक्षणही मिळतं. तुम्ही मसाला भाजता, कुटता, भरता. तुम्ही उत्पादक आहात, तसंच लिहा.

गुमास्ता, म्हणजे दुकाने आणि आस्थापना कायद्याखालची नोंद. 2017 च्या महाराष्ट्राच्या कायद्याने छोट्या आस्थापनेला परवाना काढावा लागत नाही, धंदा सुरू केल्यापासून 60 दिवसांत फॉर्म एफमध्ये सूचना द्यायची, तीही आपले सरकार पोर्टलवर. फी नाममात्र आहे. पावती येते तीच गुमास्ता म्हणून चालते. पाटी मराठीत, देवनागरीत हवी, हेही त्याच कायद्यात आहे.

अन्नपरवान्याबद्दल फार लिहीत नाही, पण मसाला आणि लोणची विकताय म्हणजे एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 अंकी नंबर लागणारच, आणि तो पाकिटावर तसाच बिलावरही छापायचा. पाहुण्यांना जेवण देत असाल तर तोही प्रकार त्याच अर्जात टाका. टॅन, म्हणजे टीडीएस कापणाऱ्याचा नंबर, तुम्हाला नको. एकट्या मालकाला टीडीएस कापायची जबाबदारी साधारणपणे तेव्हाच येते जेव्हा मागच्या वर्षाची धंद्याची उलाढाल 1 कोटीच्या वर गेलेली असते. कुणाला करपात्र पगार देत असाल तर वेगळी गोष्ट, पण हंगामात मसाला कुटायला येणाऱ्या दोन बायकांसाठी टॅन लागत नाही. टॅन घेऊन ठेवला की पुढे त्याच्या विवरणपत्रांबद्दलच्या विचारणाही मागे लागतात.

आता जीएसटी, आणि इथे जरा थांबून वाचा.

‘मालाला 40 लाखांपर्यंत जीएसटी लागत नाही’ हे वाक्य बाजारात सगळ्यांना पाठ आहे. ते अर्धं आहे. महाराष्ट्रात 40 लाखांची मर्यादा ‘फक्त माल’ विकणाऱ्याला आहे. सेवा देणाऱ्याला 20 लाख. आणि माल आणि सेवा दोन्ही असतील तर दोन्ही मिळून 20 लाख. तुम्ही खोल्या देता, ती सेवा आहे. म्हणजे तुमची मर्यादा वर्षाला 20 लाख, आणि गेल्या वर्षीच तुम्ही 15 लाखांपर्यंत पोचलात. दिवाळी, नाताळ आणि मे महिना चांगला गेला तर येत्या वर्षात तुम्ही ओलांडाल. ज्यांनी दुकान चालवता चालवता एखादी खोली भाड्याने द्यायला सुरुवात केली त्यांच्या हे लक्षातच येत नाही, कारण त्यांच्या मते खोलीचे पैसे म्हणजे ‘वरचे’ पैसे.

दुसरी गोष्ट, उलाढाल मोजताना करमुक्त विक्रीही धरतात, आणि ती एका पॅनवरच्या देशभरातल्या सगळ्या धंद्यांची मिळून. देवगडातल्या एका व्यापाऱ्याचं उदाहरण घ्या, जो दुसऱ्यांच्या बागांतला ताजा आंबा विकत घेऊन 30 लाखांचा विकतो आणि घरी डबाबंद रस करून 12 लाखांचा विकतो. ताज्या फळावर जीएसटी नाही, रसावर आहे. त्याला वाटतं आपला करपात्र धंदा 12 लाखांचाच. पण एकूण 42 लाख झाले, मर्यादा ओलांडली, नोंदणी लागली. कर मात्र रसावरच. तोच माणूस फक्त ताजा आंबा विकत असता तर कितीही कोटींचा विकला तरी नोंदणी लागली नसती, कारण फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला ती सक्तीची नाही. ताज्या मासळीचंही असंच.

तिसरी, आणि तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे म्हापसा. बांद्याच्या तपासणी नाक्यापलीकडे गोवा, म्हणजे दुसरं राज्य. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला की 20 लाख आणि 40 लाख दोन्ही मर्यादा गेल्या. पहिल्या रुपयाला नोंदणी लागते. मसाला करपात्र आहे. महिन्याला 15 हजारांचा माल पाठवा किंवा दीड हजारांचा, फरक पडत नाही. सिंधुदुर्गात हा फास रत्नागिरीपेक्षा फार जवळ आहे, कारण आपली रोजची बाजारपेठच निम्मी पलीकडे आहे.

यावर एक तोडगा सर्रास सांगितला जातो: ‘दुकानदाराला इथे येऊन गाडीत माल भरून नेऊ दे, म्हणजे विक्री वेंगुर्ल्यात झाली.’ हे ऐकू नका. माल विकणाऱ्याने पोचवला की घेणाऱ्याने स्वतः नेला, याला महत्त्व नाही. मालाचा प्रवास जिथे संपतो ते पुरवठ्याचं ठिकाण. तो म्हापशाला संपतो. बिलावर त्याचा 30 ने सुरू होणारा गोव्याचा जीएसटी नंबर असतो, आणि तोच पुरावा असतो. काउंटरवर येऊन चार पाकिटं घेऊन जाणाऱ्या पर्यटकाचं तसं नाही. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाचा पत्ता बिलात नसेल तर पुरवठ्याचं ठिकाण विकणाऱ्याचं दुकानच धरतात, ती राज्यातलीच विक्री. पण त्याच पर्यटकाने घरी जाऊन फोन केला आणि तुम्ही मडगावला कुरिअर केलं, की ती आंतरराज्य विक्री झाली. पुण्या-मुंबईचं कुरिअर राज्यातलंच.

सेवांना हा नियम नाही. बेळगावचा पाहुणा तुमच्या खोलीत राहिला म्हणून नोंदणी लागत नाही. खोल्या एखाद्या बुकिंग ऍपवरून जात असतील आणि तुम्ही मर्यादेच्या आत असाल, तर त्या बुकिंगवरचा जीएसटी भरायची जबाबदारी ऍपवाल्याची असते, तुमची नाही.

हस्तकलेच्या वस्तूंना मात्र आंतरराज्य विक्रीतही 20 लाखांपर्यंत सूट आहे, आणि त्यासंबंधीच्या 2018 च्या अधिसूचनेच्या यादीत सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. खेळणी करणाऱ्या घरांना हे माहीत असायलाच हवं. अट एवढीच की पॅन असावं आणि माल राज्याबाहेर जाताना ई-वे बिल (माल वाहतुकीची ऑनलाइन नोंद) काढावं, मग माल कितीचाही असो. मसाला त्या यादीत नाही, म्हणून तुम्हाला त्याचा उपयोग नाही.

मग म्हापशाची ऑर्डर घ्यायची की नाही? नंबर घेतला की तो फक्त म्हापशाच्या मालापुरता राहत नाही. त्या दिवसापासून काउंटरवरच्या करपात्र विक्रीवर आणि खोल्यांवरही कर लागतो. 22 सप्टेंबर 2025 पासूनच्या दरांत दिवसाला 7500 पर्यंतच्या खोलीवर 5 टक्के कर आहे आणि त्यावर खरेदीतल्या कराची वजावट मिळत नाही. तेव्हा 1500 ची खोली 1575 ला द्यायची, नाहीतर तो कर आपल्या खिशातून भरायचा. माझं स्पष्ट मत असं की म्हापशाची मागणी वर्षाला दीड-दोन लाखांचीच राहणार असेल आणि तुमचा बाकी धंदा 15 लाखांवर स्थिर असेल, तर आज घाई नको. पण तुम्ही आधीच 20 लाखांच्या दाराशी आहात. येत्या हंगामात ओलांडण्याची शक्यता दिसत असेल तर नंबर आत्ताच घ्या आणि गोव्याची बाजारपेठ मोकळी करून घ्या. नंबर न घेता ‘थोडा थोडा पाठवू’ हा पर्याय मात्र नाही.

कंपोझिशनचं, म्हणजे जीएसटीतल्या छोट्यांसाठीच्या सोप्या योजनेचं, नाव तुम्ही ऐकलं असेल. दीड कोटीपर्यंतच्या उत्पादकाला आणि व्यापाऱ्याला 1 टक्का कर, तीन महिन्यांनी एकदा सीएमपी-08 हा फॉर्म भरायचा, वर्षाला जीएसटीआर-4 हे विवरण. मालाच्या जोडीला 5 लाखांपर्यंतची सेवा त्यात चालते, म्हणजे तुमच्या 4 लाखांच्या खोल्या बसतात. पण कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही, गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेता येत नाही, आणि त्याच्याकडून घेणाऱ्या दुकानदाराला वजावट मिळत नाही. तेव्हा म्हापसा हवं असेल तर कंपोझिशन बाद. म्हापसा नको आणि उलाढाल 20 च्या वर जातेय, तर कंपोझिशन तुमच्यासाठी चांगलं.

जीएसटी नंबर कसा वाचायचा तेही सांगते, कारण बनावट बिलं त्यानेच पकडता येतात. पंधरा अक्षर-अंक असतात. पहिले दोन राज्याचे, महाराष्ट्राला 27. पुढचे दहा म्हणजे मालकाचं पॅन जसंच्या तसं. तेरावा अंक त्या पॅनवर त्या राज्यातली कितवी नोंदणी ते सांगतो. चौदावं अक्षर ‘झेड’ असतं, पंधरावं तपासणीचं. पाकिटं आणि बाटल्या पुरवणाऱ्याच्या बिलावरचा नंबर जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून बघा, चालू आहे की रद्द ते लगेच दिसतं. रद्द झालेल्या नंबराच्या बिलावर वजावट घेतली की ती व्याजासकट परत भरावी लागते.

जीएसटी नंबराचा अर्ज आरईजी-01 या फॉर्ममध्ये होतो, सरकारी फी शून्य. अडतो तो जवळजवळ नेहमी पत्त्यावर, आणि कोकणात तर हमखास, कारण घर सामाईक आणि कागद तीन पिढ्या मागचे. तुमच्या बाबतीत घरपट्टी जोडू नका. ज्यांच्या नावाने आहे ते हयात नाहीत, मग संमती कोण देणार, असा प्रश्न येतो आणि वारसांच्या सह्यांसाठी मुंबई, डोंबिवली, बडोदा सगळीकडे फिरावं लागतं. लाइट बिल सासऱ्यांच्या नावावर आहे, ते वापरा. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने 17 एप्रिल 2025 ला अधिकाऱ्यांना दिलेल्या सूचनेनुसार मालकीच्या पुराव्यासाठी घरपट्टीची पावती किंवा लाइट बिल यांसारखा एक कागद पुरतो, आणि जागा नातेवाइकाची असेल तर साध्या कागदावरचं संमतीपत्र, संमती देणाऱ्याचा ओळखीचा पुरावा आणि तो एक कागद, एवढंच लागतं. संमतीपत्रात सासऱ्यांचं नाव लाइट बिलावर आहे त्याच स्पेलिंगने लिहा, ग्राहक क्रमांक लिहा, कुठली खोली किंवा कुठला भाग धंद्याला देताय ते लिहा, आणि नातं लिहा. दरम्यान ग्रामपंचायतीत नमुना 8 ला (घरांच्या नोंदवहीला) वारसनोंद करून घ्यायचा अर्ज देऊन ठेवा, त्याला वेळ लागतो आणि उद्या कर्जाला तो लागणारच आहे.

पत्ता भरतानाची दुसरी अडचण वाडीची. लाइट बिलावर नुसतं ‘मु. पो. अमुक’ असतं, आधारवर वाडीचं नाव, नमुना 8 वर घर क्रमांक, आणि पिनकोड शेजारच्या गावच्या पोस्टाचा. अर्जात पत्ता जोडलेल्या कागदावर आहे तसा टाका, वाडी आणि घर क्रमांक त्यापुढे जोडा, आणि संमतीपत्रात दोन्ही पत्ते एकाच घराचे असल्याचं एक वाक्य घाला. दाराचा फोटो काढताना पाटी आणि घर क्रमांक दोन्ही दिसू द्या. अर्जाच्या वेळी आधार पडताळणीचा पर्याय निवडा. काही अर्जांत केंद्रावर बोलावून बोटांचे ठसे घेतात, तेव्हा मूळ कागद घेऊन स्वतः जा. अधिकाऱ्याने आरईजी-03 मध्ये शंका काढली तर 7 कामकाजाच्या दिवसांत आरईजी-04 ने उत्तर द्यायचं. ही मुदत पुष्कळांची हुकते, कारण शंका ईमेलवर येते आणि ईमेल एजंटचा असतो. उत्तर न दिल्यास अर्ज फेटाळला जातो आणि सगळं पहिल्यापासून.

मर्यादा ओलांडली की 30 दिवसांत अर्ज करायचा. 30 दिवसांच्या आत केला तर नोंदणी ओलांडल्याच्या तारखेपासून लागू होते. उशीर केला तर मधल्या काळाचा कर भरावा लागतोच, पण त्या काळातल्या खरेदीची वजावट जाते. म्हणून मार्च-एप्रिलच्या पुढे दर महिन्याअखेरीस एकूण विक्री लिहून ठेवायची सवय ठेवा: माल, खोल्या, करमुक्त असलं ते, सगळं. पापड करमुक्त आहे, पण बेरजेत तोही येतो.

नंबर आल्यावरची कामं. 30 दिवसांत किंवा पहिल्या जीएसटीआर-1 (विक्रीच्या विवरणा) आधी, जे आधी येईल तेव्हा, बँक खातं पोर्टलवर जोडायचं. राहिलं तर नोंदणी स्थगित होते. प्रमाणपत्र दुकानात लावायचं आणि नंबर पाटीवर लिहायचा. 5 कोटींच्या आत असल्याने तुम्ही तिमाही विवरणाचा पर्याय घेऊ शकता: जीएसटीआर-1 तिमाहीनंतर 13 तारखेला, जीएसटीआर-3बी (कराचं विवरण) महाराष्ट्रासाठी 22 तारखेला, आणि तिमाहीतल्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या 25 पर्यंत. पावसाळ्यात खोल्या बंद, मसाल्याची भट्टी बंद, विक्री शून्य, तरी शून्याचं विवरण भरायचंच. जून ते सप्टेंबर ‘काही नव्हतं म्हणून भरलं नाही’ हे आपल्या किनाऱ्यावरचं नोंदणी रद्द होण्याचं सर्वांत मोठं कारण आहे. शून्य विवरणाला दिवसाला 20 रुपये विलंब शुल्क लागतं, कमाल 500. पण खरा धोका शुल्काचा नाही. तिमाहीवाल्याने सलग दोन विवरणं चुकवली की नोंदणी रद्द करण्याची कारवाई सुरू होऊ शकते. शून्य विवरण 14409 वर एसएमएसनेही जातं, त्यासाठी कुणाकडे जायचीही गरज नाही.

जीएसटी नंबर नसेपर्यंत बिलावर ‘जीएसटी 5 टक्के’ असं लिहून पैसे घेऊ नका, तो गुन्हा आहे. साधं क्रमवार नंबराचं बिलबुक ठेवा.

व्यवसाय कर वेगळा, तो राज्याचा. त्याचे दोन नंबर असतात आणि लोक ते एकमेकांत मिसळतात. पीटीईसी म्हणजे मालकाचा स्वतःचा, वर्षाला 2500 रुपये, 30 जूनपर्यंत. पीटीआरसी म्हणजे कामगारांच्या पगारातून कापून भरायचा. पुरुष कामगाराला महिना 7500 च्या वर आणि स्त्री कामगाराला 25 हजारांच्या वर पगार असेल तरच पीटीआरसी लागतं. कामाला येणाऱ्या बायका त्याच्या खूप खाली असतील, तेव्हा तुम्हाला फक्त पीटीईसी. 65 वर्षांवरच्यांना हा कर माफ आहे. नोंदणी महाजीएसटीच्या पोर्टलवर, फी नाही. हे काम एजंटच्या यादीत नव्हतं, आणि नेमकं हेच लोकांचं राहतं; मग पुढे कधीतरी मागच्या वर्षांची थकबाकी, वर महिन्याला सव्वा टक्का व्याज आणि दंड असं एकदम येतं.

आयकराचं सोपं आहे. कलम 44 एडी प्रमाणे 2 कोटींपर्यंतच्या धंद्याला हिशेबाची पुस्तकं न ठेवता अंदाजित नफा दाखवता येतो: बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर किमान 6 टक्के, रोखीवर 8 टक्के. (1 एप्रिल 2026 पासून आयकर कायदा 2025 लागू आहे, त्यात हीच तरतूद कलम 58 मध्ये गेली, लोक अजून 44 एडीच म्हणतात.) तुमच्या 15 लाखांतले समजा 11 लाख यूपीआयने आणि 4 लाख रोखीने आले, तर 66 हजार आणि 32 हजार मिळून 98 हजार हा किमान नफा. प्रत्यक्ष नफा यापेक्षा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा, कायद्यात तसंच लिहिलंय. घरगुती मसाल्यात नफा 6 टक्क्यांच्या वर असतो हे तुम्हालाही ठाऊक आहे. शिवाय कमी दाखवून तुमचंच नुकसान: बँक कर्जाचा आकडा विवरणपत्रातल्या उत्पन्नावर ठरवते. नव्या करप्रणालीत 4 लाखांपर्यंत कर नाही आणि 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला सवलतीमुळे कर शून्य होतो, त्यामुळे खरा नफा दाखवायला अडचण नाही. फॉर्म आयटीआर-4. कर लागत नसला तरी दर वर्षी भरा.

यात एक सावधगिरी. घरच्या कलमांचा आंबा किंवा काजूबी विकली तर ते शेतीचं उत्पन्न, त्यावर आयकर नाही. विवरणपत्रात वेगळं दाखवायचं. पण दुसऱ्याच्या झाडावरचा तयार आंबा विकत घेऊन विकला तर तो धंदा. घरच्याच कैरीचं लोणचं घातलं तर कैरीच्या बाजारभावाएवढा भाग शेतीचा, पुढची कमाई धंद्याची. सातबारा तुमच्या नावावर नसेल आणि आंब्याचे पैसे तुमच्या खात्यात येत असतील तर ते धंद्याच्या खात्यात येऊ देऊ नका. नाहीतर सगळी रक्कम मसाल्याची विक्री म्हणून मोजली जाईल.

राहिला एजंट. त्याच्या 8 हजारांपैकी पॅन आणि टॅन नकोत, उद्यम आणि जीएसटीला सरकारी फी नाही, गुमास्त्याची नाममात्र आहे. कागद लावून देण्याच्या कामाचा मोबदला घेणं रास्तच आहे, पण त्याला सरकारी फी आणि स्वतःची फी वेगवेगळी लिहून द्यायला सांगा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक नोंदणीत मोबाइल आणि ईमेल तुमचाच टाका, त्याचा नाही. पुष्कळ जण सोयीसाठी स्वतःचा टाकतात. मग नोटीस त्यांना जाते, ओटीपी त्यांना जातो, आणि माणूस बदलायचा म्हटलं की तुमच्याच नोंदणीत तुम्हाला शिरता येत नाही. आधीच कुठे असं झालं असेल तर आपल्या कार्यक्षेत्राच्या जीएसटी कार्यालयात पॅन, ओळखपत्र आणि धंद्याच्या जागेचा पुरावा घेऊन जा. ईमेल आणि मोबाइल बदलून द्यायची सोय अधिकाऱ्याच्या लॉगिनमध्ये असते. नवा तात्पुरता पासवर्ड तुमच्या ईमेलवर येतो, आणि पहिल्यांदा आत शिरल्यावर तो लगेच बदलायचा.